गाईला शेक, सुनेला मुहूर्त

ऐका जिवतीआई, तुमची कहाणी. आटपाट नगरात एक गवळ्याचं घर होतं. गोठ्यात गाई सात, घरात सुना दोन. थोरलीचा पाळणा रिकामा होता. का, ते कुणी विचारीत नसे. धाकटी सगुणा बाळंत झाली, मुलगी झाली. सासू म्हणाली, "चीक बाळाला बाधतो. पाचवी पुजू, मग पदराखाली घे." बाळाला मधाचं बोट दिलं. त्याच दिवशी कपिला गाय व्याली. तिच्या चिकाचा खरवस केला, घरानं बोटं चाटून खाल्ला.

तिसरे दिवशी पान्हा दाटला. चौथे दिवशी स्तन तटले. पाचवे दिवशी दगड झाले, अंगात ताप भरला. बाळ रडरड रडलं, मग रडायचंही थांबलं. सगुणा म्हणाली, "आत्याबाई, पाजू द्या हो. लेकरू जाईल माझं!"

"मुहूर्त दिवेलागणीचा आहे. कळ काढ."

कळ काढायला मी, अन् खरवस खायला ह्या! सगुणेच्या अंगाची लाही झाली.

तोच दारी एक म्हातारी आली. "गवळणी, गवळणी, गाईची कास तटली तर काय करतेस?"

सासू म्हणाली, "कोमट पाण्याच्या फडक्यानं शेकते."

"मग काय करतेस?"

"हलक्या हातानं चोळते."

"मग काय करतेस?"

"थोडं पिळून सड मऊ करते, वासरू लावते."

म्हातारी कडाडली, "अगं मेले, सगळं येतं की तुला! मग सून काय गाईहून हलकी?"

मग म्हातारी स्वतःच आत गेली. शेकलं, चोळलं, थोडं पिळलं. बोंड मऊ झालं, बाळ चुकुचुकु प्यालं. उरल्या ठणक्यावर गार पाण्याची घडी ठेवली. ताप उतरला. म्हातारी दिसेनाशी झाली.

सासूनं ओळखलं, ही जिवती. हात जोडले, "आई, चुकले."

तेव्हा थोरली उठली. "आत्याबाई, माझ्या वेळीही मुहूर्त पाळलात. खरवसही झाला होता. माझं बाळ चौथे दिवशी गेलं."



मग सुनांनी वसा घेतला. बाळ जन्मताच अंगावर घ्यावं. चीक टाकू नये. स्तन तटले तर मुहूर्त बघू नये, पाणी सासूनं तापवावं.

जिवती धाकटीला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. थोरलीला पावली नाही, हे विसरू नका. साठ उत्तरं कशाला बायांनो? गवळणीची तीनच पुरली असती. कहाणी सुफळ संपूर्ण.