आपोआप फिरणारं चाक

फार पूर्वी, म्हणजे घाण्याचं तेल निघायचं आणि घाणा बैल ओढायचा, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक तेली होता, एक तेलीण होती आणि चांद्या नावाचा त्यांचा म्हातारा बैल होता. तिघांत शहाणं कोण, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

बाजारच्या दिवशी गावात एक फेटेवाला आला. स्वतःच गाडी ओढत, घामाघूम होऊन! गाडीत एक मोठं चाक होतं आणि चाकाला चहूबाजूंनी लोहचुंबक ठोकलेले.

"हे आपोआप फिरतं," तो तेल्याला म्हणाला. "बैल नको, वैरण नको. घाण्याला जोडा आणि पाय पसरून बसा. बदल्यात फक्त तुमचा बैल द्या."

तेली हरखला. त्याने चांद्याचं दावं लगेच फेटेवाल्याच्या हातात दिलं. चांद्या वासरू असल्यापासून त्याला भरवणाऱ्या तेलिणीचे डोळे भरून आले.

चाक पारावर मांडलं. फेटेवाल्याने जरासं ढकललं आणि ते गरगर फिरू लागलं. सगळा बाजार तिथे लोटला. आता आपल्या लोकांना नवीन काही दिसलं की नमस्कार केल्याशिवाय राहवतं का? जो येई तो चाकाला हात लावी, तो हात कपाळाला लावी आणि पुढे सरके. दुपार कलली तरी चाक फिरतंच!

"हे शक्यच नाही," गुरुजी म्हणाले.

"अहो, डोळ्यांनी दिसतंय की!" पाटील ओरडले.

झालं! दोन तट पडले. वाद असा पेटला की जेवणं राहिली, पण चाकाकडे नीट कुणी बघेना. बघत होती एकटी तेलीण.

"काय हो पाटील," ती म्हणाली, "एवढं देवाचं चाक, त्याला कुणीही शिवायचं? जरा सोवळं पाळा की!"

पाटलांना ते पटलं. सगळे हात जोडून लांब उभे राहिले. चाक हळू झालं, जरा डुललं आणि थांबलं.

"कुणीतरी मनात शंका आणली!" फेटेवाला कडाडला. "म्हणून रुसलं ते!"

"अगं बाई!" तेलीण म्हणाली. "आमच्या चांद्यावर शंका घ्या, त्याला शिव्या घाला, तरी तो बिचारा चालतोच."

लोक खो खो हसले. तेल्याची आशा मात्र सुटेना. "एकदा घाण्याला जोडून तर बघू?"

"आधी ह्यांना विचारा," तेलीण म्हणाली, "हे चाक स्वतःच्या गाडीला का नाही जोडलं? बैल कशाला हवाय ह्यांना?"

तेल्याने फेटेवाल्याच्या हातातलं दावं काढून घेतलं. "चुकलो रे बाबा," असं म्हणत त्याने चांद्याच्या गळ्यात हात टाकला. फेटेवाला आला तसा गाडी ओढत निघून गेला.

पाटील अजून म्हणतात, सोवळ्यातच काहीतरी चुकलं असणार.

तात्पर्य सांगायलाच हवं? बरं, ऐका: चमत्काराला नमस्कार जरूर करावा, पण हात न लावता.