पिसोबा थांबत नाही

"मग आता दोष उरलाय कुठे, ते तरी सांगा, सर!"

शार्दूल घाटे हे बोलला तेव्हा कंट्रोलर त्याच्या हातात होता, आणि माझ्या दुकानातल्या सगळ्यात मोठ्या टीव्हीवर पिसोबा उड्या मारत होता.

वामनसर समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. पडद्याकडे बघत होते.



आमच्या देवरुखात दुपारी बाजार झोपतो. शटर अर्धं खाली येतं, कामाला असलेली माणसं जेवायला जातात. त्या वेळात वामनसर माझ्या दुकानात येऊन बसतात. टीव्ही बघायला नव्हे. भिंतभर टीव्ही एकदम लागलेले असले की त्यातला कुठलाच बघावा लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

वामन शेट्ये. पिसोबा त्यांनीच काढला. पिसोरी म्हणजे आपल्या सह्याद्रीतलं सशाएवढं हरीण, पान हललं तरी दचकणारं. सरांनी त्याला एक जुनी टोपी घातली, नाव दिलं पिसोबा, आणि त्याचं कार्टून टीव्हीवर वर्षानुवर्षं चाललं. तेव्हा संध्याकाळी माझ्या दुकानासमोर पोरांची अशी गर्दी व्हायची की खरं गिऱ्हाईक आत शिरायला वाट मागायचं.

शार्दूल त्यांचा शिष्य. मुंबईत सरांच्या हाताखाली चित्र काढायला शिकला. आता पुण्यात व्हिडिओ गेमच्या कंपनीत मोठा माणूस. पिसोबाचा गेम काढला तो त्यानेच.

पहिला गेम पडला. साफ पडला. सुट्टीच्या आत बाजारात आणायचा म्हणून घाईत केलेला, हे पाकीट फोडल्याबरोबर कळत होतं.

मी विकला होता तो. भांडायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी कधी घाबरत नाही. भांडणारा उद्या परत येतो. पण साखरप्याच्या एक बाई आल्या आणि त्यांनी पाकीट अलगद काउंटरवर ठेवलं.

"बिघडलाय का?" मी विचारलं.

"नाही हो, चालतो. पण पोरगी म्हणते, हा तो नव्हे."

यावर दुकानदाराने काय बोलावं?

आता कंपनीला दुसरा भाग काढायचा होता. त्याला सरांचा होकार पाहिजे होता. होकार मिळाला तर काम पुढे चालणार, नाही मिळाला तर शार्दूलची सगळी तुकडी बंद. हे त्याने मला काउंटरशी उभं राहून आधीच सांगितलं होतं. "काका, माझ्या भरवशावर पोरांनी घरं घेतलीयेत," म्हणाला. संध्याकाळपर्यंत कंपनीला कळवायचं होतं. म्हणून पहिला गेम नीट दुरुस्त करून तो सरांना दाखवायला आला होता. सरांच्या घरी टीव्ही नाही, म्हणून माझ्याकडे.

"बघा सर," तो म्हणाला. "पहिल्यात हा फळीतून खाली पडायचा. आठवतं?"

"आठवतं. हा फळीवर उभा, आणि फळीला पत्ताच नाही."

"आता बघा."

पिसोबाने उडी मारली. फळीवर टेकला. फळी जरा दबली सुद्धा.

"छान," सर म्हणाले.

"कावळा लांबून गेला तरी हा मरायचा. ते काढलं."

"छान."

"आणि खरी फांदी कुठली, नुसती रंगवलेली कुठली, ते कळायचं नाही. पोरं रंगवलेल्या फांदीवर उडी मारून दरीत जायची."

"मीसुद्धा गेलोय त्या दरीत," मी म्हणालो. "गिऱ्हाइकाला दाखवताना. चारचौघांत."

सर हसले. शार्दूल नाही हसला.

"आणि ते वाक्य रे?" सरांनी विचारलं. "'पुढे चला, पुढे चला!' प्रत्येक उडीला. मला वाटलं, पिसोबा एसटीत कंडक्टर झाला."

"तेही बदललं सर. आता खूप वाक्यं आहेत. एक बोलला की लगेच तेच परत बोलत नाही."

"छान केलंस."

मी सावध झालो. जन्म गेला माझा या धंद्यात. प्रत्येक वस्तूला छान म्हणणारं गिऱ्हाईक हात हलवत परत जातं. घेणारा असतो तो आधी नाक मुरडतो.

शार्दूललाही ते जाणवलं असावं. त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"सर, तुम्ही आम्हाला शिकवताना चित्रावर बोट ठेवायचात. म्हणायचात, इथे मेलंय. तसं ठेवा ना बोट. ऐकून घ्यायला आलोय मी."

सर जरा पुढे झुकले.

"ओढा आहे का रे यात?"

"आहे ना. हा काय."

पिसोबा धावत आला आणि एका उडीत ओढ्यापलीकडे गेला. सुरेख उडी. पाणी चमकलं, टोपी उडाली, परत डोक्यावर बसली.

"पुन्हा दाखव."

पुन्हा उडी. पुन्हा टोपी.

"थांबला नाही," सर म्हणाले.

शार्दूलचा अंगठा बटणावरून उतरला.

ज्यांनी कार्टून पाहिलंय त्यांना सांगायला नको. नव्या माणसासाठी सांगतो. पिसोबाबरोबर एक कासवीण असायची. ढालकाकू. रानात दोघं मिळून हिंडायची. हा पळत पुढे जायचा, पण ओढा आला की काठावर थांबायचा, एक पाय उचललेला, मान मागे वळवलेली. मग लांबून आवाज यायचा, "आले रे बाबा, आले!" काकू डुलत डुलत यायच्या, त्याच्या पाठीवर चढायच्या, आणि मगच उडी. प्रत्येक भागात हे असायचंच. तेवढ्या वेळात माझ्या दुकानासमोरची पोरं एकदम चिडीचूप.

आवाज सरांच्या पत्नीचा. कुमुदताईंचा.

एकदा त्या माझ्याकडे मिक्सर घ्यायला आल्या होत्या. भाव करता करता मुद्दाम काकूंचा आवाज काढून म्हणाल्या, "रेडीजशेठ, म्हातारीला असं लुटू नये रे बाबा!" दुकानातली यच्चयावत पोरं गर्रकन वळली आणि टीव्हीत शोधायला लागली. कुणी त्यांच्याकडे बघितलंच नाही. किती हसल्या होत्या!

गुडघ्यांनी अधू होत्या. संध्याकाळी दोघं फिरायला निघाली की सर भराभर पुढे जायचे आणि पोस्टाच्या कोपऱ्यावर थांबून मागे बघत राहायचे. बाजार त्यांची थट्टा करायचा. पिसोबाला थांबायला कुणी शिकवलं, हे आम्हाला विचारावं लागलं नाही.

पहिला गेम आला त्याच उन्हाळ्यात त्या गेल्या.

"ढालकाकू कुठे आहे?" सरांनी विचारलं.

"यात नाहीये, सर."

"पहिल्यातही नव्हती."

"पहिल्यात टाकली होती. अगदी सुरुवातीला, बनवताना." शार्दूलने बोटाने टीव्हीची कड दाखवली. "त्याचं असं आहे सर, पडद्यावर दिसतं तेवढंच मशीन सांभाळतं. चौकटीच्या बाहेर गेलेलं सगळं सांभाळत बसलं, तर गेम अडखळतो."

"मग बाहेर गेलेल्याचं काय करतं?"

"पुसतं."

सरांनी मान हलवली. समजलं, अशी.

"काकू हळू. खेळणारी पोरं सुसाट. चौकट पिसोबाबरोबर पुढे सरकायची, काकू मागे राहायची, चौकटीबाहेर पडली की गेलीच. मग ओढा यायचा. हा आपला थांबायचा, तुम्ही काढलात तसाच, पाय उचलून, मागे बघत. आणि ती यायचीच नाही. पुसलेली असायची ना. हा तिथेच उभा. गेम पुढे जायचाच नाही. सगळे म्हणाले, हा दोष आहे."

"मग?"

"काढला."

"काकूला?"

"काकूला काढलं. मग थांबण्याला अर्थ उरला नाही, तर थांबणंही काढलं."

वरचा पंखा कुरकुरत होता. विकायचा पंखा असा कुरकुरला असता तर मी उठून बंद केला असता. त्या क्षणी नाही उठलो.

"ती पुण्याला आली होती तुमच्याकडे," सर म्हणाले. "आवाज द्यायला."

"हो सर."

"लिफ्ट बंद होती म्हणाली."

"हो. जिना चढून आल्या. आम्ही खुर्ची देत होतो, तर म्हणाल्या, काकू बसून कशी चालेल? उभ्यानेच केलं सगळं."

"ते वापरलं नाहीत, ते ठीक आहे. तो आवाज..."

सर थांबले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, का कोण जाणे. मग परत शार्दूलकडे.

"तो आवाज आहे ना रे तुझ्याकडे?"

शार्दूल खाली बघत राहिला. सगळं दुरुस्त करून, छातीठोकपणे आलेला माणूस. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"काकू काढल्यावर तिचं सगळंच काढलं, सर. जागा लागत होती..."

मग घाईने म्हणाला, "तेव्हा त्या होत्या, सर. बऱ्या होत्या. वाटलं, लागलंच तर परत बोलावू."

माझ्या दुकानात माणसं रडलेली मी पाहिली आहेत. रागावलेली तर रोज पाहतो. वामनसरांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी हात पुढे केला.

"दे बघू ते."

"काय, सर?"

"ते खेळायचं. मी बघतो."

शार्दूलने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. सरांनी तो पाखरू धरावं तसा धरला.

"पुढे जायला हे. उडीला हे."

"आणि मागे जायला?"

"हे. पण ते कधी लागत नाही, सर."

सर खेळू लागले. हळूहळू. पिसोबा चालत निघाला, एवढा हळू चालताना मी त्याला त्या गेममध्ये कधी पाहिलं नव्हतं. फळी आली, ओलांडली. कावळा आला, खाली वाकून जाऊ दिला. शार्दूल पुढे सरकून बसला होता. त्याच्या तोंडावर परत जरा आशा दिसू लागली.

"जमतंय की सर तुम्हाला!"

ओढा आला.

सरांनी उडीचं बटण दाबलं नाही. पिसोबाला मागे वळवलं आणि मागे जायचं बटण दाबून धरलं.

पिसोबा मागे धावला. थोडं अंतर गेला आणि पडद्याच्या कडेला अडला. चौकट पुढे आलेली, ती मागे सरकत नव्हती. तिथे काही नव्हतं, भिंत नाही, झाड नाही. हिरवं गवत तर तसंच पुढे गेलेलं दिसत होतं. पण हा अडला. पाय धावत होते, टोपी हलत होती, आणि हा जागच्या जागी. दुकानाच्या काचेवर पाखरू धडकत राहतं, तसा.

"सर, तिकडे जाता येत नाही."

सरांचा अंगठा हलला नाही.

पडद्यावरची वेळ संपली. पिसोबा आडवा झाला. 'पुन्हा खेळायचं?' अशी अक्षरं आली.

सरांनी पुन्हा सुरू केलं. फळी, कावळा, ओढा. पुन्हा मागे वळवला. पुन्हा बटण दाबून धरलं.

शार्दूलच्या खिशात फोन वाजायला लागला. त्याने काढून नाव बघितलं. कंपनीचाच असणार. वाजू दिला.

"सर, त्यांना काय सांगू? हो की नाही, एवढंच सांगा. माझी पोरं वाट बघत बसलीयेत तिकडे."

पिसोबा धावत होता.

"नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. मला शिव्या द्या. पण हे... हे नका करू, सर."

फोन वाजून बंद झाला. परत वाजायला लागला.

सर पडद्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा मला नीट दिसत होता, आणि तो दिसला नसता तर बरं झालं असतं. त्यावर दुःख नव्हतं. नुसतं लक्ष होतं. कोपऱ्यावर उभं राहून रस्त्याकडे लावतात तसं.

शार्दूल उठून उभा राहिला. त्याचा आवाज चिरकला.

"सर, मी बनवलंय ते! मला माहिती आहे! तिकडे काही नाहीये. कुणी नाहीये मागे. काहीच ठेवलेलं नाही आम्ही मागे!"

रिकाम्या दुकानात ते वाक्य फार मोठं झालं.

वामनसरांनी बटण तसंच दाबून धरलं. दुसरा हात उचलून बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोल रे," ते म्हणाले. "त्याला ऐकू जाईल."