साच्यातला मिठाचा मोदक

“पण साचाच कशाला, बुवा?”

अच्युतबुवांनी साचा पाण्याखाली धरला, पंच्याने पुसला आणि त्याच्या दोन्ही पाकळ्या उघडमीट करून पाहिल्या. आठवडी बाजारातला प्लास्टिकचा साचा. पिवळाधमक.

त्र्यंबकला त्याच्याकडे बघवेना.

त्र्यंबक पूर्वी हायस्कुलात संस्कृत शिकवत असे. पाच वर्षांपूर्वी नोकरी सोडून तो बुवांच्या दोन खोल्यांच्या घरी शिष्य म्हणून राहिला. कोणी न विचारता तो स्तोत्रांचे अर्थ सांगे, आणि मोदक फार सुरेख वळे. अर्थांबद्दल गावात कोणी कधी काही बोललं नाही. मोदकांची मात्र कीर्ती झाली. एकेका मोदकाला एकवीस कळ्या, मोजून.

“हाताने वळलेल्या मोदकात भाव उतरतो,” तो म्हणाला. “साच्यातून काय उतरणार? सगळे एकसारखे. निर्जीव!”

“जिवंत मोदक तू कुठे पाहिलास?” बुवा म्हणाले. “उकड मळायला घे.”

त्र्यंबकने उकड पुढे ओढली. तांदळाच्या पिठाची ती वाफाळती उकड मळताना त्याचे हात भाजत होते, पण त्याला काळजी वेगळीच होती.

माघातल्या चतुर्थीला बुवांकडे एकवीस मोदक होत. वीस गुळाचे. एकविसाव्यात खोबरं आणि नुसतं मीठ. दुपारी नैवेद्य झाला की सगळे एका ताटात ठेवायचे, भोवती बसायचं आणि ज्याने त्याने हवा तो उचलायचा. ज्याच्या तोंडी मिठाचा आला, त्याने तिथेच जेवण थांबवून हात धुवायचे. मग तो त्याचा पहिला मोदक असो की दहावा. बाकीच्यांनी पोटभर जेवायचं. नियम एवढाच.

मिठाचा लागतो त्याच्यावर देवाचा रोष असतो, असं बुवा कधी म्हणाले नव्हते. ते गावाने आपणहून ठरवलं होतं. आणि ज्याला कधीच लागत नाही त्याच्यावर कृपा, हेही.

त्र्यंबकला चार वर्षांत एकदाही लागला नव्हता.

कारण साधं होतं. मिठाच्या मोदकाला तो एक कळी कमी घालत असे.

पहिल्या वर्षी हे गंमत म्हणून झालं. पुढे दर चतुर्थीला जेवायला येणाऱ्या ओक वकिलांनी त्याला गावभर ‘त्र्यंबकबुवा’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्याला स्वतःलाही वाटू लागलं की कृपा आहेच. कमी कळी ही आपली नुसती व्यवस्था. खोट्या सहीवर हात बसला की माणसाला आपली खरी सही आठवेनाशी होते, त्यातला प्रकार.

गेल्या वर्षी मिठाचा बुवांनाच लागला. पहिलाच. बुवा उपाशी उठून ओसरीवर जाऊन बसले. आत त्र्यंबकने अकरा खाल्ले.

या वर्षी तर त्याने कमालच केली होती. आठ दिवसांपूर्वी वकिलांच्या देखत त्याने विचारलं होतं, “बुवा, मला अनुग्रह कधी?”

अनुग्रह म्हणजे गुरूने शिष्याच्या कानात सांगायचा मंत्र. नोकरी सोडली होती ती त्यासाठीच.

“तूच सांग,” बुवा म्हणाले होते.

“चतुर्थीला मला मिठाचा लागला नाही, तर त्याच दिवशी द्या. लागला, तर जन्मात पुन्हा मागणार नाही.”

“बरं.”

“मी साक्षीला आहे,” वकील म्हणाले होते.

आणि आज हा पिवळा साचा.

“तूप लाव,” बुवा म्हणाले.

त्र्यंबकने साच्याला आतून तूप लावलं. उकड कडेकडेने दाबून बसवली, मधे सारण भरलं, बुडाला उकडीची टिकली लावून तोंड मिटवलं आणि साचा उघडला. मोदक सुटून हातात आला. हातच्यापेक्षाही उजवा. मग दुसरा. पहिल्यासारखाच.

मिठाचा त्याने सगळ्यांत शेवटी भरला, आणि बुवांची पाठ वळताच त्याच्या बुडाशी अंगठ्याचं नख रुतवलं.

बुवा परत वळले. पाण्याच्या वाटीत बोट बुडवून ते एकेका मोदकाचं बूड गुळगुळीत करू लागले. एकविसाव्याचंही.

“बूड नीट मिटलं नाही, तर वाफेत सारण बाहेर येतं,” ते म्हणाले.

“हो...” त्र्यंबक म्हणाला.

मोदकपात्रात केळीच्या पानावर मोदक मांडताना त्याने जागा लक्षात ठेवली. डावीकडून दुसरा, कडेचा. मोदक वाफवून झाले. बुवांनी पान दोन्ही टोकांना धरून उचललं आणि ताटात कलतं केलं. एकवीसच्या एकवीस घरंगळत एकमेकांवर गेले.

नैवेद्य झाला. ओक वकील वेळेवर आले. जेवायला ते नेहमीच वेळेवर येत. तिघं ताटाभोवती बसले.

“घ्या त्र्यंबकबुवा! पहिला मान तुमचा!”

त्र्यंबकचा हात ताटावर गेला आणि तिथेच थांबला. उजवीकडे सरकला. मग डावीकडे.

“काय शोधताय?” वकिलांनी विचारलं. “सगळे सारखेच तर आहेत.”

त्याने डोळे मिटून एक उचलला. गोड. दुसरा उचलला. तोही गोड.

“बघा! कृपा म्हणतात ती ही!” वकील तोंडातला घास सांभाळत म्हणाले.

त्र्यंबकचे खांदे सैल झाले. खरंच, कळी नाही, खूण नाही, काही नाही... आणि तरी गोड. म्हणजे कृपा असणारच. तिसरा त्याने रुबाबात उचलला आणि अर्धा एकदम तोंडात टाकला.

मीठ.

“कसा आहे?” वकिलांनी सहज विचारलं.

त्याने तो अर्धा गिळला. मग उरलेला अर्धाही, चेहऱ्यावरची रेघ हलू न देता. बुवांकडे पाहिलं. बुवा चमच्याने मोदकावर तूप सोडत होते. त्यांचं लक्षही नव्हतं. ताटात अजून बारा होते. तिघांत बारा संपणार नव्हते, आणि मिठाचा उरलेल्यांत गेला असेल असंच सगळे समजणार. साचा काही सांगणार नव्हता. आता हे जगात एकट्या त्र्यंबकच्या जिभेला ठाऊक होतं.

हात चौथ्या मोदकावर गेला. मोदक अजून कोमट होता.

...

हात मागे आला.

“मिठाचा होता,” त्र्यंबक म्हणाला.

वकील हसले. “थट्टा करताय!”

“मिठाचाच होता. आणि ती कृपा वगैरे काही नव्हती, वकीलसाहेब. मिठाच्या मोदकाला मी दर वर्षी वीसच कळ्या घालत होतो.”

वकिलांचा मोदक तोंडापाशीच थांबला.

“दोनदा एकोणीस झाल्या,” बुवा म्हणाले. “घाईत.”

त्र्यंबकने वर पाहिलं. “तुम्ही... मोजत होता?”

“मोजायला कशाला लागतंय? वळायला तुला शिकवलं कोणी?”

“मग गेल्या वर्षी पहिलाच तो उचललात... तो माहीत असून?”

बुवांनी तुपाची वाटी बाजूला ठेवली. “तुझ्या मिठाचा मोदक, त्र्यंबका. परक्याच्या तोंडी कशाला?”

त्र्यंबक उठला, मोरीवर गेला आणि हात धुतले. बराच वेळ धुतले.

तो परत आला तेव्हा वकील घसा खाकरून म्हणाले, “म्हणजे अनुग्रहाचं राहिलंच की. जन्मात मागणार नाही, असं ठरलंय. मी साक्षीला आहे.”

“ठरलंय,” त्र्यंबक म्हणाला. “मी मागत नाही.”

बुवा अर्ध्या जेवणावरून उठले. पंच्याला हात पुसत त्र्यंबकसमोर येऊन उभे राहिले.

“कान इकडे कर,” ते म्हणाले.