नॉबवरचे दोन शब्द

“मग चूक कोणाची, सर?”

हा प्रश्न आणि त्यापुढचा संवाद मी स्वतः ऐकलेला नाही. आमच्या विभागातील प्रयोगशाळा-सहायक श्रीमती वसुधा कारखानीस यांनी तो गेल्या गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, दुपारच्या चहाच्या वेळी मला सांगितला. त्या प्रसंगी त्या तेथे हजर होत्या.

प्रश्न विचारणारे खांबेटे हे आमच्याच विभागात यंत्रशास्त्र शिकवणाऱ्या हर्डीकर सरांचे विद्यार्थी. खडीच्या खाणीतील अवजड ट्रकसाठी त्यांनी कमी-अधिक ताठ करता येणारा धक्काशोषक, म्हणजे गाडीवाल्यांच्या भाषेतला शॉकअप, तयार केला होता. चालकाने केबिनमधला नॉब फिरवायचा. खड्ड्यांत शॉकअप नरम ठेवायचा, सपाट रस्त्यावर ताठ.

चाचणीत चालक बाबालाल शिकलगार यांनी खड्ड्यांतच तो पूर्ण ताठ केला. शॉकअप गाडीला जोडणारी बैठक तुटली. शिकलगार पाठ धरून अंथरुणाला खिळले. त्यांना कामावर ठेवायचे की काढायचे, हे खाणमालक सरांच्या सहीने जाणाऱ्या खांबेट्यांच्या अहवालावरून ठरवणार होते.

“चूक कोणाची हे तू ठरवूनच आलायस,” सर म्हणाले.

“ठरवायचं काय त्यात? समोर बसवून शिकवलं होतं. ‘हो साहेब, हो साहेब’ करत मान डोलावत होता. आणि खाणीत उतरल्यावर नेमकं उलटं! आयुष्यभर म्हणे ट्रक चालवला. बैलगाडी हाकली असेल!”



“का फिरवला, ते विचारलंस त्यांना?”

“विचारलं ना! पडल्या पडल्या मलाच म्हणतो, ‘साहेब, तुम्हीच लिहिलंय की.’ मी लिहिलंय! कमाल आहे निर्लज्जपणाची.”

“काय लिहिलं होतंस?”

खांबेट्यांनी पिशवीतून नॉब काढून टेबलावर आपटला. त्याच्या पितळी पट्टीवर एका टोकाला ‘मृदू’ आणि दुसऱ्या टोकाला ‘कठीण’ असे कोरलेले होते.

“इंग्रजी नको, म्हणून मुद्दाम शुद्ध मराठी दिली. त्याचं हे फळ!”

सरांनी नॉब हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“खाणीतली ती वाट कशी आहे रे?”

“अत्यंत कठीण, सर. म्हणून तर चाचणी तिथे…”

खांबेटे थांबले.



“पण यंत्रशास्त्रात कठीणचा अर्थ एकच होतो, ताठ!” खांबेट्यांचा आवाज पुन्हा चढला. “कोणताही कोश काढा!”

“कोश घेऊन खाणीत उतरायचं त्यांनी?” सर कडाडले. कारखानीस बाईंनी त्यांना असे ओरडताना त्याआधी कधी ऐकले नव्हते. “वाट कठीण आली, त्यांनी कठीणवर नेलं. तू सांगितलंस तेच केलं त्या माणसानं. आणि वर तूच त्यांना बैलगाडीवाला म्हणतोस!”

“मग मालकांना काय कळवू? माझी चूक म्हणून? माझं डिझाइन कायमचं बाद होईल, सर. पुन्हा दारात उभं करणार नाहीत मला.”

सर उठले. भिंतीलगतच्या यंत्रावर दुसरा एक शॉकअप सकाळपासून सारखा वरखाली होत होता. त्यांनी यंत्र बंद केले, खांबेट्यांचा हात धरला आणि तळवा त्या शॉकअपच्या नळीवर टेकवला.

“सर! चटका बसतोय!”

“सगळे धक्के स्वतः गिळून तापलाय तो. वर बसलेल्याला बसतो का चटका?”

शिकलगार आज त्याच खाणीत कामावर आहेत. मी तेथे जाऊन त्यांना भेटलो आहे. मात्र सरांनी हात सोडल्यावरही खांबेट्यांनी तळवा उचलला नाही, असे कारखानीस बाई सांगतात. एवढा भाग मला पडताळता आलेला नाही.