खारींनी आठवण कुठे ठेवली

त्या प्रदेशात बियांची टंचाई नव्हती. टंचाई होती ती आठवणीची. झाडं भरभरून फळत, खारी दिवसभर बिया वेचून जमिनीत पुरत आणि पाठ वळली की कुठे पुरल्या ते विसरून जात. एवढ्याशा डोक्यात एका वेळी एकच जागा मावायची. म्हणून प्रत्येक वस्तीने आपली आठवण सांभाळायला कुणाला तरी ठेवलेलं असे.

कुसुंबीच्या वस्तीची आठवण भुईराव नावाच्या कासवाकडे होती. वस्तीच्या मधोमध, बेहड्याच्या मुळांशी त्याचा खड्डा होता. सायंकाळी खारी रांगेने येत आणि त्याच्या कानाशी सांगत: चारोळ्या, पांढऱ्या दगडाच्या उगवतीला; बोरांच्या आठळ्या, ओढ्याच्या वळणावर. भुईराव मान हलवी. पडत्या काळात त्याच खारी पुन्हा रांग लावत आणि तो एकेकीला तिची जागा सांगे. चुकत कधी नसे. पण मान बाहेर काढायलाच त्याला इतका वेळ लागे की मागच्यांचा जीव मेटाकुटीला येई. शिवाय उन्हाळ्यात त्याची पाठ ओली ठेवायची, खड्डा उपसायचा, कोवळा पाला आणायचा. वस्तीतल्या चांगल्या धडधाकट खारी या सेवेतच अडकून पडत. तरी कुणाची तक्रार नव्हती. आठवण आपल्या दारात होती.

कुसुंबी ही या वस्तीची मुख्य खार. एका सालात पलीकडच्या वस्तीत ओढ्याचं पाणी शिरलं आणि तिथलं कासव खड्ड्यासकट गाडलं गेलं, तेव्हा ती मदतीला धावली होती. तिथे तिने एक आई पाहिली. ती एकाच जागी उकरत होती, खाली काही नाही म्हणून सोडून देत होती, चार उड्या मारून परत त्याच जागी येऊन उकरत होती. आपण इथे उकरलं होतं, हेही तिला आठवत नव्हतं. तिची पिल्लं ढोलीत चिरकत होती. नंतर पिल्लांचं चिरकणंही थांबलं.

तेव्हापासून कुसुंबीला चैन पडेना. ढग दिसला की ती बेहड्याखाली जाऊन खड्ड्याच्या कडा चाचपे. वर चढे, खाली उतरे, पुन्हा वर चढे. भुईराव डोळे मिटून असला की उगीच विचारी, "जागे आहात ना?"

"जागा आहे, पोरी," तो म्हणे. "तू मात्र कधीतरी झोप."

अशात भोरड्या पक्ष्यांचा थवा आला. दुरून पाहणाऱ्याला वाटावं की एक काळा ढगच वळतोय, पसरतोय, आखडतोय. त्यातून पळसू नावाचा एक पक्षी बेहड्यावर उतरला. बोलणं मोठं अदबीचं.

"कुसुंबीबाई, तुमची आठवण आमच्याकडे द्या. आमच्यातल्या एकाला सांगितलंत की सगळ्या थव्याला कळतं. एक मेला तरी हजार उरतात. तुमची खार कुठल्याही रानात असो, मान वर करून विचारायचं, की उत्तर वरून हजर. पाठ भिजवायला नको, खड्डा उपसायला नको."

"आणि तुम्हाला काय द्यायचं?"

"हंगामाला प्रत्येक झाडामागे एका फांदीची फळं आमची."

"एखाद्या हंगामात नाही देऊ शकलो तर?"

"आम्ही विसरणार नाही," पळसू म्हणाला. "फक्त गप्प राहू."

कुसुंबीने वरच्या थव्याकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "तुम्ही सदासर्वकाळ असता?"

"सदासर्वकाळ. धुकं सोडून. धुक्यात कुणालाच उडता येत नाही." हे त्याने इतक्या सहज सांगितलं, की कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

वस्तीत दोन तट पडले. बाभूळतात्या नावाचा म्हातारा शेपटी आपटून म्हणाला, "आपल्या बिया कुठे पुरल्यात ते परक्याच्या चोचीत द्यायचं? त्याच चोचीत बियाचोर कावळ्यांच्याही गोष्टी आहेत म्हणे!" यावर कुसुंबीची बहीण लिंबोणी उसळली. "तात्या, माझ्या पोटात पिल्लं आहेत. ओढा उद्या इकडे वळला तर तुम्ही काय त्यांना शेपटी खायला घालणार?"

कुसुंबी भुईरावाकडे गेली. तिला वाटत होतं, तो तरी 'नको' म्हणेल आणि आपण सुटू. भुईरावाने सावकाश मान बाहेर काढली. "मला त्यातलं कळत नाही," तो म्हणाला. "पुराची भीती मलाही वाटते. तू ठरव. फक्त एक, सगळं त्यांना सांगून झाल्यावर मला इथे ठेवू नकोस. रिकाम्यानं बसवणार नाही माझ्याच्यानं."

तिने थव्याला होकार दिला. पुढचे कित्येक दिवस भुईराव खड्ड्याच्या काठावर बसून बोलत राहिला आणि वरच्या फांद्यांवर भोरड्या ऐकत राहिल्या. सगळं सांगून संपलं, तेव्हा तो कुणाचा निरोप न घेता नदीच्या वाटेला लागला. कुसुंबी झाडावरून पाहत होती. इतक्या हळू जाणाऱ्याला थांबवायला भरपूर वेळ होता. ती थांबवायला गेली नाही.

सुरुवातीचे हंगाम सुखाचे गेले. खारी लांबलांबच्या रानांत जाऊ लागल्या. मान वर केली की उत्तर येई, आणि ते अचूक असे. रांग संपली, सेवा संपली. तरीही कुसुंबीचं चढणं-उतरणं काही थांबलं नाही. पूर्वी ती खड्डा चाचपत असे, आता आभाळ. कधी पाहावं तेव्हा मान वर. पुढे एका फांदीच्या दोन फांद्या झाल्या. "थवा वाढलाय, बाई," पळसू अदबीने म्हणाला. तिने दोन दिल्या. न देऊन जाणार कुठे?

मग हिवाळ्यात धुकं उतरलं. रानात नेहमीच उतरे, उन्हं आली की विरे. या खेपेला ते कित्येक दिवस विरलं नाही. खारी झाडांच्या शेंड्यांवर चढून पांढऱ्या आभाळात ओरडत राहिल्या: माझ्या चारोळ्या कुठे? आमच्या आठळ्या कुठे? वरून काहीच येत नव्हतं. लिंबोणीची या खेपेची पिल्लं नुकतीच जन्मली होती. कुसुंबी नाक जमिनीला लावून पंजे सोलून निघेपर्यंत उकरत सुटली. एका जागी काही नाही म्हणून ती सोडून गेली, फिरून आली, उकरू लागली आणि मातीवर आपल्याच पंजांचे ताजे ओरखडे पाहून जागीच बसली. धुकं उठलं तेव्हा लिंबोणीच्या ढोलीत एकच पिल्लू उरलं होतं. लिंबोणी बहिणीकडे पाठ करून त्या पिल्लाला चाटत राहिली.

थवा परतला. "धुक्याचं आम्ही आधीच सांगितलं होतं," पळसू म्हणाला. तेही खरंच होतं.

कुसुंबी नदीवर गेली. भुईराव पाण्यात अर्धा बुडून ऊन खात होता. पाठीवर शेवाळ आलं होतं आणि तो पूर्वीपेक्षा तरुण दिसत होता.

"परत चला," ती म्हणाली. "मी चुकले."

"येईन गं. पण मला आता काही आठवत नाही. सांगितलं तसं सांडत गेलं. पाठ हलकी झाली." त्याने पाण्यात पाय पसरले. "आणि खरं सांगू? या हलक्या पाठीची सवय झाली. पुन्हा ओझं घ्यायला आता अंगात बळ नाही."

ती परत आली आणि बेहड्यावर चढून पळसूला म्हणाली, "आमचं आम्हाला द्या."

तिला वाटलं, तो नाही म्हणेल. पळसूने नम्रपणे मान लववली. "तुमचंच आहे. आत्ता घ्या."

थवा वस्तीवर पसरला आणि हजार चोचींनी एकदम सांगू लागला. पांढरा दगड, ओढ्याचं वळण, जळका बुंधा, दोन वारुळांच्या मधली माती. एकही जागा चुकत नव्हती, एकही राहत नव्हती. खाली खारी कान टवकारून उभ्या होत्या. तिसरी जागा ऐकेपर्यंत पहिली निसटत होती. "थांबा! हळू सांगा!" बाभूळतात्या ओरडला, पण सांगणाऱ्या चोची आभाळभर होत्या, त्यातल्या नेमक्या कुणाला थांबवणार?

तेव्हा लिंबोणी एक जागा ऐकताच धावत गेली आणि त्या मातीवर बसली. तिला पाहून दुसरी धावली, मग तिसरी. म्हातारेही धावले. ज्याने जी ऐकली ती त्याने धरली. सांगणं संपवून थवा दुसऱ्या रानाकडे वळला, आभाळ स्वच्छ झालं आणि साऱ्या वस्तीतल्या खारी आपापल्या एकेका जागेवर पंजे रोवून बसून राहिल्या. कुणी शेपटी हलवत नव्हतं. उठलं की विसरलं.

हलत होती ती एकटी कुसुंबी. लिंबोणीकडून तात्याकडे, तात्याकडून वारुळाकडे, तिथून जळक्या बुंध्याकडे. "तुझी कुठली? तुझी कुठली?" असं विचारत, ऐकलेली जागा ओठांतल्या ओठांत पुटपुटत, शेवटच्या खारीपाशी पोचून तशीच वळून पुन्हा पहिलीकडे.