रेमेतबायची दोरी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. पाणखणच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता, आणि कुणाला त्याची घाईही नव्हती, कारण रेमेतबाय होती. खाडीच्या तोंडाशी एक लहानसं बेट, बेटावर चर्च आणि चर्चच्या मागं रेमेतबायचं घर. ती होडीनं माणसं ऐलपैल करायची, दोन्ही काठांवरची बाळंतपणं करायची, तिन्ही वेळा चर्चची घंटा वाजवायची आणि उरल्या वेळात नवरा, तान्हं पोर, चूल, विहीर. उरला वेळ म्हणजे काय, ते घरच्या बायकांना विचारा.

गावातल्या बायका हसायच्या. म्हणायच्या, "रेमेतचं म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या." तिलाही ते खरं वाटायचं आणि मनाला लागायचं. तिची जपमाळ होडीत सुरू व्हायची ती पाळण्यापाशी संपायची, कधी संपायचीच नाही.

एकदा तिनं फादरना सांगितलं, "फादर, माझी एक प्रार्थना धड होत नाही. देवाला माझ्याकडून नक्की काय हवंय, तेच कळेना झालंय."

फादर म्हणाले, "उंबऱ्यावर क्रूसाची खूण करतेस ना? तेव्हा एवढंच विचार, देवा, आता कोणाकडं? आणि पाठवील तिकडं जा."

तेव्हापासून रेमेतबाय उंबरा ओलांडताना तेवढंच विचारायची. असं म्हणतात की तिचा प्रश्न संपायच्या आत कुणीतरी तिला हाक मारायचं.

मग आला मारियामातेच्या जन्मसणाचा आदला दिवस. फादर पलीकडच्या गावी गेले होते. पाणखणच्या सगळ्या नावा समुद्रात होत्या, त्यात रेमेतबायचा नवरा सांतानही होता. पैलतीरावरच्या मिठागरातली जानकी अडली होती, म्हणून रेमेतबाय तिला आणि तिच्या सासूला होडीत घालून गावाकडं आणत होती. अर्ध्या वाटेत आभाळ काळं झालं आणि वारा असा सुटला की वल्हं हातात ठरेना. तिनं होडी कशीबशी बेटाच्या पायऱ्यांना लावली. जानकीचं बाळ पायाळू येत होतं. आता तिला उचललं तर दोन्ही जीव जाणार, हे रेमेतबायला हात लावताच कळलं.

आणि त्याच वेळी नावा परतत होत्या. अशा काळोखात खाडीच्या तोंडाचे खडक दिसत नाहीत. नाखवे घंटेच्या आवाजावर आत येतात. घंटा गप्प राहिली तर नावा खडकांवर जाणार, सांतानचीसुद्धा. जानकीची सासू बिचारी धावली मनोऱ्याकडं, पण घंटा जड, म्हातारीच्या हातून ती हललीही नाही.

जानकी म्हणाली, "बाय, मला टाकून जाऊ नकोस."

रेमेतबायला रडू फुटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला एकाच वेळी दोन हाका आल्या होत्या. तिनं होडीतूनच विचारलं, "देवा, आता कोणाकडं?" तेवढ्यात होडी हलली, आणि पायरीला बांधलेली दोरी ताणली गेली. तिचं लक्ष त्या दोरीवर गेलं.

ती उठली. जानकीला म्हणाली, "दोन कळा सोस, ही आलेच." घरात धावली. पोराला म्हातारीच्या मांडीवर दिलं आणि पाळण्याची दोरी सोडली. विहिरीवरून पोहऱ्याची दोरी ओढली. घंटेच्या दोरीला पोहऱ्याची, तिला पाळण्याची, अशा गाठी मारत ती पायऱ्या उतरली. तरीही दोरी होडीपर्यंत पुरेना. मग तिनं सणासाठी जपून ठेवलेलं तांबडं लुगडं आणलं, टराटरा फाडलं, त्या चिंध्या पिळून शेवटची गाठ होडीच्या कडीला मारली आणि जानकीपाशी बसली. मग वर पाहिलंच नाही.

बेटाच्या त्या अंगाला पाणी नेहमी ताटातल्यासारखं निवांत असतं. पण असं म्हणतात की त्या संध्याकाळी तिथं लाटा उठल्या, आणि त्यासुद्धा पाळण्याला झोका द्यावा तेवढ्याच. होडी हलायची, दोरी ताणायची, वर घंटा वाजायची. जानकीला धक्का म्हणून लागला नाही. बाळ रडलं तेव्हाही घंटा वाजत होती. एकेक करून सगळ्या नावा आत आल्या, शेवटी सांतानची.

सांतान पायऱ्यांवर उतरला. मनोऱ्यात कुणी नाही आणि बायको होडीत बाळ पुसत बसलेली.

"रेमेत, मग घंटा कोण वाजवत होतं गं?"

"मला काय ठाऊक," ती म्हणाली. "मला वर बघायला वेळ कुठं होता?"

तिनं हात पुसले आणि राहिलेली जपमाळ तिथून पुढं सुरू केली.

आता खाडीवर पूल झालाय. तरी सणाच्या आदल्या दिवशी पाणखणच्या घराघरांतून दोरीचे तुकडे येतात. कुणी पाळण्याची आणतं, कुणी विहिरीची, कुणी जाळ्याची, मिठागरातून पोतं शिवायची सुतळी येते. ज्या घरी दोरी नाही, तिथून जुन्या लुगड्याची चिंधी. सगळं जोडून घंटेपासून होडीपर्यंत नेतात, आणि गावची शेवटची नाव येईपर्यंत घंटा कुणी हातानं वाजवत नाही. घंटा वाजू लागली की नवखा माणूस हटकून विचारतो, ही वाजवतंय कोण?

तेव्हा गाठी आवळत बसलेल्या म्हाताऱ्या मान वर न करता सांगतात, "वाजवणारा वाजवतोय, बाबा. तू तुझी गाठ घट्ट मार."