राजाला आधीच ठाऊक होतं

कंकणगडच्या राजा चंडकेतूला एक खोड होती. काहीही सांगा, तो म्हणे, "हे मला आधीच ठाऊक होतं!" लगेच दरबारी माना डोलवत. राजाला ठाऊक असलेल्या गोष्टीचं नवल करणं म्हणजे उद्धटपणाच!

तशात राज्यातली जादू आटू लागली. मंत्राने पेटणारे दिवे मिणमिणले, उडती पालखी जमिनीवरून फरफटू लागली. राजाने फर्मावलं, "कारण शोधा, नाहीतर सगळ्या जादूगारांना हद्दपार करीन!"

केतकी नावाची जादूगारीण डोंगरापलीकडची खेडी पालथी घालून परतली.

"महाराज, जादू लोकांच्या नवलावर जगते. तिकडे लोक आ वासून बघतात, म्हणून तिकडे मंत्र चालतात. इथे मात्र..."

"हे मला आधीच ठाऊक होतं!" राजा म्हणाला. माना डोलल्या. आणखी एक दिवा विझला.

"मग इथली जादू परत कशी आणायची, तेही ठाऊक असेलच. सांगावं महाराजांनी."

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधान छत न्याहाळू लागला. शेवटी राजा घसा खाकरून पुटपुटला, "ते... मला ठाऊक नाही."

"आँ!" अख्खा दरबार ओरडला. भसकन सगळे दिवे पेटले आणि पालखी थेट छताला टेकली.

"झालं, महाराज," केतकी म्हणाली, "रोज एकदा एवढंच बोलत जावं."